आईंना परत ॲडमिट केलं नाही : माझा अनुभव

माझ्या सासूबाई डिसेंबर २०२३ मध्ये गेल्या, वय ८१. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश होता. शेवटचे चौदा महिने पूर्ण अंथरुणावर आणि शेवटचे अकरा दिवस खाणंपिणं जवळजवळ बंद, हे सगळं आम्ही घरातच केलं. त्या काळात मी रात्री मोबाईलवर शोधत बसायचे की पुढे काय होणार, आणि सगळीकडे विसरभोळेपणाच्या गोष्टी आणि बदाम खा वगैरे, शेवट कसा असतो ते मराठीत कोणीच लिहिलेलं सापडलं नाही मला. म्हणून लिहितेय, लांबेल थोडं.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या, छत्तीस वर्षं नोकरी, गणित म्हणजे जीव की प्राण. घरचा दुधाचा हिशोब त्याच कॅलेंडरवर ठेवायच्या. २०१८ साली त्यात एकाच तारखेला तीनदा एक लिटर लिहिलेलं दिसायला लागलं आणि दूधवाल्याशी भांडणं. आम्हाला वाटलं वयोमानाप्रमाणे होतं. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. आमचं घर सांगलीत गावभागात, बोटीतून बाहेर काढलं आम्हाला आणि तीन आठवडे विश्रामबागला नणंदेकडे राहिलो. परत आलो तर गिलावा गेलेला, आईंचं लाकडी कपाट फुगून फेकून द्यावं लागलं, आणि त्यांना घरच ओळखू येईना. तेव्हापासून रोज दिवेलागणीला सुरू, "मला घरी जायचंय." आम्ही सांगायचो आई हेच घर आहे ना आपलं, की त्या जास्तच चिडायच्या. पुरामुळे आजार झाला असं नाही, तो आधीपासून होताच, पण ओळखीची जागा सुटली की एकदम दोन पायऱ्या खाली उतरतात हे तेव्हा कळलं.

मिरजेला न्यूरोलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी आधी बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइड तपासलं, कारण त्यांच्या कमतरतेनं पण असं होतं आणि ते औषधानं सुधारू शकतं. दोन्ही नॉर्मल आले. मग एमआरआय, आणि प्रश्नोत्तरं. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले तर आई धडाधड, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट! डॉक्टर बघतच राहिले. आणि साल कोणतं विचारलं तर १९८४. पाच मिनिटांपूर्वी लक्षात ठेवायला दिलेले तीन शब्द, त्यातला एकही नाही. अल्झायमर म्हणाले, डिमेन्शियाचाच एक प्रकार. गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं की यानं बरं होणार नाही, थोडे दिवस जरा बरे जातील इतकंच.

कागदपत्रांचं एक सांगते कारण आम्ही चुकलो. कुलमुखत्यारपत्र करायचं असेल तर माणसाला कळतंय, सही करता येतेय तोवरच करायचं, समज गेल्यावर करता येत नाही आणि आधी केलेलंही कायद्यानं चालत नाही. त्यामुळे निदान झालं त्याच महिन्यात बँक खातं जॉइंट करणं, नॉमिनी बघणं हे उरकून घ्यावं. आम्ही दोन वर्षं घालवली, मग पेन्शन काढायला अंगठा आणि दोन साक्षीदार, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला बोटांचे ठसे मशीनवर उमटेनात. बँकेतल्या एका मुलानं घरी येऊन चेहऱ्यावरून करून दिलं ते काम, त्याचे उपकार आहेत.

मधली वर्षं रात्रीची. दोन-अडीचला उठून बसायच्या आणि हजेरी घ्यायच्या, खरीखुरी, कुठल्या तरी वर्गाची, एकेक नाव मोठ्यानं, आणि उत्तर आलं नाही की रडकुंडीला यायच्या, "पोरं कुठं गेली गं सगळी, अक्के?" मला त्या अक्का म्हणायच्या, त्यांची मोठी बहीण, ती जाऊन वीस वर्षं झाली होती. सुरुवातीला मी समजावत बसायचे की आई तुम्ही रिटायर झालात, झोपा आता. एका रात्री आमचे हे अंथरुणातूनच म्हणाले, "हजर बाई." आई थांबल्या. पुढचं नाव घेतलं. मी म्हटलं, "हजर बाई." असं बत्तीस-तेहतीस पोरांचं झालं आणि पाटीवर लिहिल्यासारखं बोटानं चादरीवर काहीतरी लिहून त्या आडव्या झाल्या, सकाळपर्यंत झोपल्या. पुढे दीड वर्ष आम्ही दोघं आळीपाळीनं त्या वर्गात हजर होतो. खरं काय ते पटवून देण्यापेक्षा त्या जिथं आहेत तिथं आपण जाऊन बसायचं, हे मला डॉक्टरांनी नाही, नवऱ्यानं शिकवलं.

ऑक्टोबर २०२२ ला बाथरूममध्ये पडल्या, हाड मोडलं नाही पण त्यानंतर चालणं संपलं ते संपलंच. एअर बेड (पंपानं हवा भरायची गादी) आणला, दिवसा एक मावशी ठेवल्या, रात्र आमची. पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, आम्ही कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तक्ताच केलेला, डावी, उजवी, पाठ, वेळ आणि कोणी केलं त्याचं अक्षर. एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही असं अजिबात नसतं हां. माकडहाडावर लाल डाग दिसला तर तिथं चोळायचं नाही (मी तेल लावून चोळत होते, अगदी उलटं करत होते), मधे भोक असलेली गोल उशी पण नको, त्यानं कडेचा रक्तपुरवठा दबतो. त्या जागेवरचा भार काढायचा, कोरडं ठेवायचं. टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी.

खाणं हा सगळ्यात मोठा विषय. पाणी प्यायल्या की ठसका. मला वाटायचं पातळ तेवढं सोपं, तर उलटं असतं, पातळ पाणी घशात पटकन घसरतं आणि श्वासनलिकेत जातं. नाचणीची आंबील घट्टसर, मऊ भात वरण एकजीव करून, फेटलेलं दही, असं चालायचं. उठवून बसवायचं, हनुवटी जरा खाली, अर्धाच चमचा, आणि गळ्याचा उंचवटा वर जाऊन खाली आलेला दिसल्याशिवाय दुसरा घास द्यायचा नाही. झाल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. एक वाटी भाताला पाऊण तास लागायचा. मी घड्याळ बघणं सोडलं.

एवढं करूनही सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूमोनिया झाला आणि आम्ही घाबरून एका मोठ्या हॉस्पिटलला नेलं. आयसीयू. भेटायला दिवसातून दोनदा दहा मिनिटं. अन्न द्यायला नाकातून पोटात नळी घातली होती, ती आईंनी ओढून काढली, परत घातली, परत काढली, तिसऱ्यांदा मी आत गेले तर दोन्ही हात बँडेजनं पलंगाच्या दांड्याला बांधलेले. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "अक्के, मी काय केलंय गं?" चौथीच्या पोरांना कधी छडी न मारलेली बाई. मनगटाला वळ होते. मला अजून ते लिहवत नाही. सहा दिवसांनी घरी आणलं ते नळीसकट आणि माकडहाडावर जखम घेऊन, जी अकरा महिन्यांत घरात आम्ही होऊ दिली नव्हती.

घरी चौथ्या दिवशी नळी परत निघाली आणि आमच्या फॅमिली डॉक्टरांना बोलावलं. ते पलंगाच्या कडेला बसले, आईंची नाडी बघितली आणि म्हणाले, "वहिनी, घालायची का परत, ते आधी ठरवूया." मग त्यांनी जे सांगितलं ते मला पाच वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. डिमेन्शियानं माणूस नुसता विसरत नाही, तो आजार जीव घेणाराच आहे, मेंदू गिळायचं कसं ते पण विसरतो. या टप्प्यावर नळीनं आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही आणि न्यूमोनियाही टळत नाही, कारण स्वतःची लाळ आणि पोटातून वर आलेलं फुफ्फुसात जातच राहतं. हातानं भरवा, घेतील तेवढं द्या, नको म्हणाल्या की थांबा.

नणंदेला हे मान्य नव्हतं. "वहिनी, आईला उपाशी मारणार का तुम्ही?" असं सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी काहीच बोलले नाही, कारण तीच भीती मला पण होती. मी फक्त म्हटलं, ताई, तुम्ही आठ दिवस इथं राहा आणि तुम्हीच भरवा. त्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी आईंनी चमच्यापासून तोंड फिरवलं, ताईंनी परत लावला, आईंनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि ताई वाटी तशीच हातात धरून बसल्या, किती वेळ माहीत नाही. मग म्हणाल्या, "तिला नकोय गं." त्यानंतर हॉस्पिटलचा विषय कोणी काढला नाही.

शेवटचे अकरा दिवस. झोप वाढत गेली. लघवी कमी आणि गडद. ओठांना तूप, तोंडात ओल्या कापसाचा बोळा फिरवायचा दर तासाला, त्यानं घशाला बरं वाटतं, तहानेपेक्षा तोंड कोरडं पडण्याचाच त्रास जास्त असतो असं डॉक्टर म्हणाले. सलाईन लावा म्हणून शेजारचे आग्रह करत होते, पण शरीराला ते झेपत नाही, अंगावर सूज येते आणि छातीत पाणी साठतं. ताप आला की सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायची गोळी). शेवटच्या दोन दिवसांत घशात घरघर सुरू झाली, ती ऐकून आमचे हे घराबाहेर जाऊन उभे राहायचे. कुशीवर वळवलं की कमी व्हायची, आणि डॉक्टरांनी कफ कमी करायचं इंजेक्शन दिलं. श्वास मधेच पंधरा-वीस सेकंद थांबायचा, आम्हाला वाटायचं झालं, आणि परत सुरू. गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले आता कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा.

एक आत्या गंगाजल घेऊन आल्या, चमच्यानं घालणार होत्या. मी तुळशीचं पान त्यात बुडवून त्यांच्या हातात दिलं, म्हटलं हे ओठाला लावा, घशात नको. त्यांना पटलं. पहाटे पाचच्या आधी कधीतरी गेल्या, ताईंचा हात हातात होता, मी कूस बदलायला उठले होते.

घरी मृत्यू झाला की डॉक्टरांचा दाखला लागतो, मृत्यूचं कारण लिहिलेला, फॉर्म ४अ, त्याशिवाय स्मशानात अडतं. त्यामुळे कोण देणार हे आधीच विचारून ठेवा, ऐनवेळी अनोळखी डॉक्टर देत नाहीत आणि त्यांचंही चूक नाही. आमचे डॉक्टर सहा वाजता आले. आधार कार्डाच्या झेरॉक्स मी आठवड्यापूर्वीच काढून ठेवल्या होत्या, तेव्हा स्वतःचीच लाज वाटली होती, पण उपयोगी पडल्या. महापालिकेत नोंद २१ दिवसांच्या आत करायची.

आईंना काय हवं होतं ते आम्ही कधी विचारलंच नव्हतं, त्या सांगू शकत होत्या तेव्हा. ते मला फार लागून राहिलंय. म्हणून मी आणि ह्यांनी आमचं लिव्हिंग विल केलं, म्हणजे आपल्याला सांगता येईनासं झालं तर शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलं, सुप्रीम कोर्टानं २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो. मुलाला वाचून दाखवलं तर तो ऐकायलाच तयार नव्हता, दुसऱ्या दिवशी बसवून परत वाचलं.

एअर बेड मागच्या गल्लीतल्या एका काकांकडे दिलाय, त्यांना पॅरालिसिस आहे. पंपाची नळी जोडापाशी जरा सैल होती, टेप गुंडाळून दिलीये, आणि कॅलेंडरची चार कोरी पानं पण दिली, तक्ता आखून.