लोणावळा ते कोंदिवडे, राजमाचीवरून

राजमाची किल्ल्याला जाणारे बहुतेक मुंबईकर लोणावळ्याहून निघतात, किल्ल्याखालच्या उधेवाडी गावात जेवतात, बालेकिल्ला पाहतात आणि आल्या वाटेने लोणावळ्याला परततात. हल्ली गावापर्यंत जीप जाते, त्यामुळे काही जण तेवढी पायपीटही करत नाहीत. आमच्या गटाने मात्र सप्टेंबरअखेरच्या रविवारी मागे न फिरता कोंडाण्याच्या लेण्यांवरून पलीकडे कोकणात उतरायचे ठरवले होते, आणि मला विचाराल तर राजमाची पाहण्याची हीच खरी रीत आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून देशावर चढणाऱ्या मालावर नजर ठेवण्यासाठी हा किल्ला या जागी उभा आहे. ती वाट वरपासून खालपर्यंत पायांखालून गेल्याशिवाय त्याची जागा नीट उमगत नाही.

पहाटेच्या इंद्रायणी एक्सप्रेसने दादर, ठाणे, कल्याण असे करत सगळे गोळा झालो. गटात निवृत्त बँकवाले काका आहेत, शाळेत शिकवणाऱ्या दोघी ताई आहेत आणि ऐन उमेदीची चार-पाच पोरे आहेत, जी पहिल्या तासात सगळ्यांच्या पुढे आणि शेवटच्या तासात सगळ्यांच्या मागे असतात. लोणावळ्याला चहा-पोहे उरकून तुंगार्लीचा चढ धरला.

तुंगार्लीच्या वर आल्यावर काकांनी आम्हांला थांबवून पाण्याचा हिशेब समजावला. लोणावळ्याच्या बाजूला पडणारा पाऊस इंद्रायणीला मिळतो, इंद्रायणी देहू-आळंदी करत तुळापूरला भीमेला भेटते आणि ते पाणी पुढे कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराला जाते. डोंगराच्या कोकणाकडच्या बाजूला पडणारा पाऊस मात्र उल्हास नदीतून कर्जत, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीत येतो. टाटांनी या निसर्गक्रमात हात घातला. वळवण आणि आसपासच्या तलावांत अडवलेले पूर्ववाहिनी पाणी त्यांनी नळांमधून घाटाखाली सोडले आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. काकांच्या या व्याख्यानाला मुलांची फारशी साथ नव्हती, पण दिवसभर पायांखालून वाहणारा प्रत्येक ओढा कुठल्या समुद्राला जाणार, हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारत राहिलो.

पुढची वाट तशी सपाट, गाडीच्या चाकोऱ्या पडलेली, जवळजवळ पंधरा किलोमीटरची आहे. कंटाळा येण्याइतकी ती लांब आहे, हे मान्य करायला हवे; जूनमध्ये काजवे पाहायला येणारी गर्दी याच रस्त्यावर गाड्यांचे दिवे पाजळत अंधार शोधत असते, ही आणखी एक गंमत. पण पावसाळा सरता सरता दोन्ही बाजूंचे उतार सोनकीने पिवळे आणि तेरड्याने गुलाबी होतात आणि मधूनच झाडी विरळ झाली की उल्हासचे खोरे एकदम उघडे पडते. पलीकडच्या कड्यावरून बोरघाटाचा लोहमार्ग बोगद्यांत शिरताना आणि बाहेर येताना दिसतो. १८६३ साली सुरू झालेल्या या घाटाचा चढ सदतिसाला एक, म्हणजे सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर, असा आहे, आणि म्हणून आजही पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने लावावी लागतात. त्याआधी, १८३० साली, बोरघाटातून चाकांचा रस्ता झाला होता. घाटात चाक फिरू लागले तशी राजमाचीच्या वाटेवरची वर्दळ ओसरली, आणि कदाचित म्हणूनच ही वाट आपल्यासाठी शिल्लक राहिली.

उधेवाडीत पोहोचल्यावर आधी किल्ला की आधी जेवण, यावर दरवेळी वाद होतो. यंदा किल्ल्याच्या बाजूने मते जास्त पडली. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचे मंदिर आहे. तिथे पाठपिशव्या ठेवून आम्ही दोहोंतील उंच अशा श्रीवर्धनवर गेलो. त्याचा चिलखती बुरूज, म्हणजे एका बुरुजाबाहेर दुसऱ्या भिंतीचे कवच आणि मध्ये माणूस चालेल एवढी फट, मुलांनी वर-खाली होऊन पाहिला. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर राजमाचीही स्वराज्यात आली आणि १८१८ साली ती इंग्रजांकडे गेली, एवढा इतिहास सगळ्यांना पाठ असतो. बुरुजावर उभे राहिल्यावर मात्र उत्तरेला ढाक, पूर्वेला शिरोट्याच्या तलावाचे पाणी, दक्षिणेला नागफणीचा सुळका आणि पश्चिमेला माथेरान एका फेरीत दिसते, आणि इथून कोणाच्या बैलांची रांग कुठे पोहोचली आहे, हे पहारेकऱ्याला सकाळीच कळत असणार, याची खात्री पटते.

ज्या घरी जेवलो त्या घराचा पडवीकडचा कूड कारवीच्या काठ्यांचा, शेणामातीने सारवलेला होता. तांदळाची भाकरी, पिठले, हिरवा ठेचा आणि चुलीचा धूर. मावशींनी वाढता वाढताच बजावले, "लेण्यांकडं उतरायचं तर दोनच्या आत निघा. झाडीत लवकर काळोख होतो." आम्ही त्यांचे ऐकले. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाने ऐकावे.

कारण राजमाचीची खरी कसोटी या उतरणीत आहे. सकाळच्या सरळ वाटेने पायांना लाडावून ठेवलेले असते आणि इथे एकदम दाट रानातून, ओल्या पानांखाली लपलेल्या दगडांवरून, मध्येच घसाऱ्यावरून उतरावे लागते. चढताना दम लागतो, पण उतरताना गुडघे बोलतात. आमच्याकडे पुढे एक वाट माहीत असलेला आणि सगळ्यांत शेवटी एक टेल असा नियम आहे, आणि टेलच्या मागे कोणीही थांबायचे नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. एक पोरगा पुढे सटकू लागला तेव्हा काकांनी हाक मारली, "अरे बाळा, लेणी दोन हजार वर्षे तिथेच आहेत, पळून जात नाहीत!" तो थांबला, आणि पुढच्याच वळणावर शेवाळलेल्या कातळावरून ताईंना उतरवायला त्याचाच हात उपयोगी पडला.

कोंडाण्याचे चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्खूंचे प्रार्थनागृह, इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचे मानले जाते. कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी घाटमाथ्यावर आहेत, हे पायथ्याशी. चढणाऱ्या तांड्याचा पहिला किंवा उतरणाऱ्याचा शेवटचा मुक्काम इथे पडत असला पाहिजे. दर्शनी भागावर लाकडी इमारतीची नक्कल इतकी काटेकोर आहे की तुळयांची टोकेही दगडात कोरून काढली आहेत. त्यांच्यामध्ये नाचणाऱ्या जोडप्यांचे लहान पट आहेत, आणि डाव्या अंगाला भग्न मूर्तीजवळ ब्राह्मीत एक ओळ आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. प्राचीन शिल्पकामावर करणाऱ्याचे नाव क्वचितच आढळते. आतले खांब मात्र बहुतेक खालून तुटले आहेत, काहींचे फक्त माथे छताला चिकटून राहिले आहेत. लेण्याच्या तोंडावर अजून पाण्याची धार पडत होती, आणि तिच्याखाली भिजत उभे राहून सेल्फी काढणाऱ्यांना बलकाची ओळ दाखवली, तर त्यांनी तिचाही फोटो काढला. हे चांगलेच झाले.

लेण्यांपासून कोंदिवडे पाऊण तासावर आहे. तिथे सहा आसनी रिक्षावाल्याशी भाड्यावरून रीतसर घासाघीस झाली आणि अंधार पडता पडता कर्जत स्टेशनला पोहोचलो. लोकलमध्ये काकांनी पुढचा बेत मांडला: मळवलीहून भाजे, मग विसापूर, म्हणजे याच व्यापारी वाटेचा वरचा टप्पा. ताईंची अट एवढीच की उतरण दुपारी दोनच्या आत सुरू व्हावी. ती एकमताने मंजूर झाली.