जिन्याखालची खोली

सुवर्णमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि आधी आठवली ती जिन्याखालची खोली. शाळेविषयी लिहा, असं संपादक मंडळाने कळवलंय. मी आपल्या मिशनरी शाळेतल्या सिस्टरांविषयीच, म्हणजे एका जोगिणीविषयीच लिहिणार आहे. कोणत्या सिस्टर, हे तेव्हाच्या कुणालाही सांगावं लागणार नाही. दिवसभर गणित शिकवायच्या आणि शेवटची घंटा झाली की त्या खोलीत बसायच्या, त्याच.

नववीत सहामाहीनंतर माझं बोलणं बंद झालं होतं. घरी काय चाललं होतं ते इथे लिहीत नाही. बाईंनी प्रश्न विचारला तरी मी नुसती उभी राहायचे. एक दिवस सिस्टरांनी शाळा सुटल्यावर थांबायला सांगितलं. आता चौकशी होणार म्हणून पोटात गोळा आला. पण त्यांनी माझ्यापुढे ग्रंथालयातल्या फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा ठेवला, खळीची वाटी सरकवली आणि स्वतःही एक पुस्तक चिकटवायला घेतलं. अर्धा तास दोघींपैकी कुणी शब्द बोललं नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, "उद्या येशील? अजून बरीच आहेत."

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी भूगोलाच्या एका पुस्तकाचा पुठ्ठा दाबून धरला असताना मला रडू फुटलं. सिस्टरांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि मग मी बोलत सुटले, अंधार पडेपर्यंत.

शेवटी भीतीच वाटली. विचारलं, "हे तुम्ही फादरना सांगणार?" त्या म्हणाल्या, "कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, फादर ऐकतात, मला तो अधिकार नाही. पण इथलं बोलणं इथेच राहील. तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच मी गप्प बसणार नाही. आणि तेही आधी तुला सांगेन." चौदा वर्षांच्या मुलीशी इतकं सरळ तोवर कुणी बोललं नव्हतं.

आज मी स्वतः समुपदेशक आहे. एम.ए.ला मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स अभ्यासाला होते. समुपदेशकाचा खरेपणा, विनाअट स्वीकार, समोरच्याचं जग त्याच्या जागेवरून समजून घेणं, हे त्यांनी १९५७ च्या निबंधात मांडलंय. वर्गात ते वाचताना मला खळीचा वास आला. सिस्टरांच्या खोलीत घड्याळ मुलींच्या खुर्चीमागच्या भिंतीवर असायचं. त्यांना वेळ दिसायची, पण मनगटाकडे बघावं लागायचं नाही, आणि आपल्यालाही घाई वाटायची नाही. माझ्या खोलीतही घड्याळ तिथेच आहे.

दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. सिस्टर घेतात ती ही तीन व्रतं आपण मूल्यशिक्षणाच्या तासाला पाठ केली होती. त्यांचा अर्थ मला दहावीत कळला, सिस्टरांची बदली झाली तेव्हा. आपण सगळ्यांनी हट्ट धरला, रडलो, पण आदेश म्हणजे आदेश. वर्गाने दिलेलं पेन त्यांनी हसून घेतलं आणि त्याच खोलीत ठेवून गेल्या. त्यांचा पगारसुद्धा सिस्टरांच्या संस्थेचा असायचा, मग पेन एकटीचं कसं असणार! एवढ्या वर्षांचा संसार एका बॅगेत मावला होता. शेवटची, म्हणजे आयुष्यभराची व्रतं घेण्याआधी नॉव्हिशिएटचं, म्हणजे उमेदवारीच्या शिक्षणाचं, किमान एक वर्ष आणि मग तात्पुरत्या व्रतांची निदान तीन वर्षं काढावी लागतात, हे मला खूप नंतर समजलं. म्हणजे हे सगळं त्यांनी नीट पारखून, विचार करून स्वीकारलं होतं.

मागच्या वर्षी शाळेत आले होते. जिन्याखाली आता जुनी बाकं रचून ठेवलीत. मुलींनी समुपदेशनासाठी आधी अर्ज भरून वेळ घ्यायची असते. वाईट वाटलं. ज्या मुलीला बोलताच येत नाही, ती अर्जात काय लिहिणार?

सिस्टर आता संस्थेच्या वृद्ध सिस्टरांच्या निवासात असतात. ऐकू कमी येतं, जपमाळ हातात असते. गेल्या महिन्यात जाऊन आले, महोत्सवाचं पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि एका मुलीचं नाव घेतलं, "ती येणार आहे का?" मला ठाऊक नव्हतं. नाव इथे लिहीत नाही, सिस्टरांना ते आवडणार नाही. नववी ब, खिडकीकडचं शेवटचं बाक. तू हा अंक वाचत असशील तर, त्यांना दुपारी चारनंतर भेटता येतं.