मागाहून येणारं हसू

स्टँडअपचा शो म्हणजे साउंडवाल्याला सुट्टी, असं आमच्या लाइनीत बरेच जण म्हणतात. एक माणूस, एक माइक, एक स्टूल आणि पाण्याची बाटली. तबला-पेटीचं संतुलन साधायचं नाही, नाटकासारखी म्युझिकची क्यू पकडायची नाही. मला हे कधीच पटलेलं नाही. गाण्यात एखादा शब्द विरला तर चाल सांभाळून घेते. विनोदात शेवटचा शब्द गेला की मागची पाच मिनिटं वाया गेली. बोलणारे नेमके तिथेच आवाज खाली आणतात, कारण हळू टाकलेला पंच जास्त लागतो. अशा वेळी बोट फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर, नसेल तर शेवटच्या रांगेतला माणूस शेजाऱ्याला विचारतो, "काय म्हणाला?" तो विचारतोय तोवर पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं.

हे मला पूर्वीही माहीत होतं. पण त्याचा खरा अर्थ बालगंधर्वमधल्या एका पावसाळी रविवारी कळला.

मुंबईचा एक तरुण कॉमेडियन मराठी शो घेऊन दौऱ्यावर होता. आदल्या रात्री कोल्हापूर, आज पुणे. नाव लिहीत नाही. ती संध्याकाळ त्याची जितकी होती तितकीच आणखी दोघांची होती, आणि त्यांचंही नाव मी लिहिणार नाही. दुपारपासून धो धो पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली, नदीपात्रातला रस्ता बंद. बालगंधर्व नदीच्या अगदी काठावर, त्यामुळे पेठांतून येणारा प्रेक्षक डेक्कनच्या अलीकडेच अडकला. तिकिटं बऱ्यापैकी गेली होती, पण दुसऱ्या घंटेपर्यंत निम्मीही माणसं आली नव्हती. आलेली सगळी तिकिटावरच्या नंबरप्रमाणे विखुरलेली. पुढे दहा, मध्ये वीस, बाल्कनीत मूठभर, आणि मधल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

अशा हॉलमध्ये चांगला विनोदही आपटतो. माणूस एकटा मोठ्याने हसत नाही, शेजारचा हसला की त्याचं हसू सुटतं. मध्ये चार खुर्च्या मोकळ्या असल्या की ते पोचतच नाही. शिवाय बाल्कनीतलं हसू स्टेजपर्यंत यायलाच वेळ लागतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे चौतीस मीटरला सेकंदाचा दहावा भाग. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बोलणारा पुढचं वाक्य हसण्याच्या लाटेवर टाकत असतो. लाट फुटून तुकड्या-तुकड्यांत आली तर त्याचा ताल मोडतो.

मी विंगेत जाऊन त्याला म्हटलं, "सगळ्यांना पुढे घ्या. बाल्कनी रिकामी करा."

आयोजक नाखूश होते. महागाच्या तिकिटाजवळ स्वस्ताचं तिकीट बसलं तर लोक भांडतील, असं त्यांचं म्हणणं, आणि पुण्यात ते अगदीच चुकीचं नव्हतं. त्याने पडद्याच्या फटीतून हॉल पाहिला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही म्हणता तसं करू. पुढच्या दरवाल्यांना त्यांच्या खुर्च्या राहू देत, बाकीचे त्यांच्यामागे." तशी घोषणा झाली. कोणी भांडलं नाही. पावसातून एवढ्या लांब आलेल्या माणसांना एकमेकांजवळ बसायला बरंच वाटलं असावं. बाल्कनीच्या जिन्यावरून एक आजी-आजोबा सावकाश उतरताना दिसले. त्यांच्यासाठी तिसरी घंटा दोन-तीन मिनिटं थांबवली. डोअरकीपरने त्यांना डावीकडे, स्टेजच्या बऱ्यापैकी जवळ नेऊन बसवलं.

शो छान उचलला. पहिली दहा मिनिटं मी आवाज बसवण्यातच होतो. ओल्या छत्र्या आणि ओले कपडे घेऊन माणसं बसली की हॉल साउंड चेकच्या वेळी होता तसा राहत नाही. मग एक गोष्ट खटकायला लागली. प्रत्येक हशा संपला की डावीकडून एक छोटं, स्वतंत्र हसू यायचं. बारीक, खळखळून, आणि चांगलं दोन-तीन सेकंद उशिरा. प्रतिध्वनी इतका उशिरा येत नाही, आणि बाल्कनीखालचे स्पीकर तर मी बंदच केले होते.

स्टँडअपवाले बहुतेक वेळा आपला सेट रेकॉर्ड करतात. कुठल्या वाक्याला लोक हसले, किती हसले, हे पुढच्या शोआधी ऐकता यावं म्हणून. त्यासाठी स्टेजच्या कडेला प्रेक्षकांकडे तोंड करून दोन माइक लावलेले होते. मी हेडफोन चढवला आणि फक्त डावा माइक उघडला. हशा ओसरत असताना त्याखाली एक म्हातारा पुरुषी आवाज कुजबुजत होता. आजोबा आजींना विनोद सांगत होते.

कॉमेडियनलाही ते जाणवलंच. अशा ठिकाणी काही जण प्रेक्षकाला टोचतात, आणि मला तीच धास्ती वाटली. त्याचा तेव्हा वडिलांवरचा भाग चालू होता. वडील बँकेतून निवृत्त झालेत, पण काउंटर सुटलेलं नाही. आईने भाजीला पन्नास रुपये मागितले तर म्हणतात, "आता लंच टाइम आहे, नंतर या." त्यावर आई म्हणते, "पन्नास नाही दिलेत तर लंच होणारच नाहीये." हॉल हसला. थोड्या वेळाने आजी हसल्या.

तो डावीकडे आला, स्टेजच्या कडेला उकिडवा बसला. "आजी, तुमचं हसू पावसात अडकलं होतं का?"

आजोबाच उठून उभे राहिले. "हिला ऐकू कमी येतं. मी सांगतो हिला."

"आत्ताचं काय सांगितलंत?"

आजोबांनी जरा विचार केला. "याच्या बापाने भाजीला पैसे दिले नाहीत. उपाशी राहिला."

त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा तो. मी दोन्ही माइकचा गेन घाईघाईने खाली आणला, नाहीतर रेकॉर्डिंग फाटलं असतं. त्याने मनापासून हात जोडले. "आजोबा, मी चार मिनिटं घेतली. तुम्ही दोन वाक्यांत संपवलं." आणि नंतर त्याने जे केलं त्यासाठी मला त्या मुलाबद्दल कायम आदर वाटेल. पुढच्या प्रत्येक पंचनंतर तो थांबायला लागला. गंमत म्हणून एकदा थांबून सोडून दिलं, असं नाही. शोचा सगळा ताल त्याने बदलला. पहिला हशा, मग शांतता, आजोबांची कुजबुज, आजींचं हसू, आणि त्या हसल्या म्हणून सगळ्या हॉलचा दुसरा हशा. एकेका विनोदावर हॉल दोनदा हसत होता. लोक मान वळवून आजींकडे पाहत नव्हते, फक्त थांबत होते. इतक्या माणसांनी एका माणसासाठी असं न सांगता थांबणं मी कुठल्या कार्यक्रमात पाहिलेलं नाही.

मी मात्र हेडफोनवर दुसरंच ऐकत होतो. आजोबा सांगताना मध्येच अडले. आजींनी विचारलं, "मग?" आजोबा म्हणाले, "थांब, मलाच कळलं नाही. मी तुला मागचं सांगत होतो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या रांगेत दोन माणसांचा कार्यक्रम हुकतोय. सांगणारा एक वाक्य सांगेपर्यंत पुढची दोन निसटतात. कॉमेडियन पंचला थांबत होता, पण मधलं बोलणं तर चालूच होतं आणि पंच त्याच्यावरच उभा असतो.

माझ्या पेटीत एक वायरलेस इन-इअर सेट होता. गायकाला स्वतःचा आवाज कानात देण्यासाठी आम्ही तो वापरतो. कमरेला लावायचा छोटा रिसीव्हर, त्याला कानात घालायच्या इअरबड्सऐवजी माझा मोठा हेडफोन जोडता येत होता. कन्सोलवर, म्हणजे माझ्या आवाजाच्या टेबलावर, एक वेगळी लाइन मोकळी होती.

तरी मी क्षणभर थांबलो. हे दिलं तर दुसरा हशा बंद होणार, आणि सगळा हॉल त्या हशात रमला होता. पण आजींनी तिकीट ऐकण्यासाठी काढलं होतं, आमचं दुसरं हसू रंगावं म्हणून नाही. हा विचार मनात आला आणि मी लाइन लावायला घेतली.

म्हातारपणी आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, च, फ असली व्यंजनं तिथेच असतात. त्यामुळे माणूस बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते कळत नाही, आणि नुसता आवाज वाढवून उपयोग होत नाही, उलट कानाला त्रास होतो. म्हणून आजींच्या लाइनीत मी खालची घरघर पूर्ण काढली, दोन ते चार किलोहर्ट्झचा भाग उचलला, आणि कॉम्प्रेसर असा लावला की वाक्याच्या शेवटी पडणारा आवाज वर यावा. त्यात प्रेक्षकांच्या माइकचा आवाजही थोडा सोडला. कानात एकट्या बोलणाऱ्याचा आवाज आला असता तर त्या गर्दीत बसूनही एकट्याच पडल्या असत्या. पातळी अगदी कमी ठेवली, कारण कमी असलं तर वाढवून घेता येतं. एकदा कानात कर्कश बसलं की माणूस पुन्हा लावून बघत नाही.

माझा असिस्टंट टाळ्या चालू असताना वाकून कडेने गेला. मी त्याला बजावलं होतं, आधी विचार, परस्पर डोक्यावर चढवू नकोस. त्याने रिसीव्हर आजींच्या हातात दिला, आवाजाचं बटण दाखवलं. आजींनी अंबाडा सांभाळत हेडफोन लावला. बटण थोडं फिरवलं. आणखी थोडं. मग हात मांडीवर ठेवून स्टेजकडे पाहायला लागल्या.

पुढचा पंच आला. तो सवयीने थांबला. आजी सगळ्यांबरोबरच हसल्या होत्या.

हॉलला हे समजायला वेळ लागला. त्याने पाहिलं, हेडफोन दिसला, मागे माझ्या कन्सोलकडे नजर टाकली आणि काही न बोलता शो पुढे नेला. हे त्याला सुचलं हे विशेष. आजींना उभं करून टाळ्या घेणं फार सोपं होतं.

मी मात्र आजोबांकडे पाहत राहिलो. पहिली काही मिनिटं ते सवयीने आजींकडे झुकायचे, त्या हाताने खूण करायच्या, "कळलं". मग ते हळूहळू खुर्चीला टेकले. आणि डाव्या माइकवर मला त्यांचं हसू पहिल्यांदा ऐकू आलं. चांगलं गडगडाटी. तोवर ते हसलेच नव्हते. लागोपाठ सांगत राहिलेल्या माणसाला हसायला सवड कुठली?

शो संपल्यावर मी वायरी गुंडाळत असताना दोघं हेडफोन परत करायला आले. आजींचं कानाचं मशीन पर्समध्ये होतं. गर्दीत त्यात सगळाच कल्ला येतो म्हणून काढून ठेवतात, म्हणाल्या. पूर्वी याच बालगंधर्वला त्या एकही चांगलं नाटक सोडत नसत. मग म्हणाल्या, "आज हे हसले. इतकी वर्षं कार्यक्रमात यांना हसताना ऐकलंच नव्हतं." आजोबांनी हेडफोन कुठे मिळतो, किती रुपयांना मिळतो, हे विचारून वहीत लिहून घेतलं. मी सांगितलं की नुसता हेडफोन घेऊन भागत नाही, आमच्याकडून आवाज सोडावा लागतो.

खरी गोष्ट तीच आहे. काही श्रवणयंत्रांत टेलिकॉइल, म्हणजे आवाज बिनतारी पकडणारी बारीक तारेची गुंडाळी, असते. सभागृहात इंडक्शन लूप म्हणजे जमिनीत किंवा भिंतीलगत तारेचं वेटोळं बसवलं की माइकचा आवाज थेट यंत्रात येतो, आजूबाजूचा कल्ला येत नाही. हे तंत्र जुनं आहे, अवघड नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात संस्कृती आणि मनोरंजनाचं स्वतंत्र कलम आहे. आपण रॅम्प बांधतो, ते हवंच. पण रॅम्पवरून आत आलेल्या माणसाला ऐकू येतंय का, हे आम्ही साउंडवालेसुद्धा विचारत नव्हतो. बुकिंग करताना आयोजक जनरेटर आहे का विचारतात, कॉलर माइक किती विचारतात. हा प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही.

म्हणून आता मीच विचारतो. बोलण्याचा कार्यक्रम असला, मग तो स्टँडअप असो, एकपात्री असो की व्याख्यान, तर पेटीत दोन जादा रिसीव्हर आणि दोन हेडफोन असतात. त्याचे वेगळे पैसे लावत नाही. फक्त एक अट घालतो, तिसऱ्या घंटेआधी माइकवरून सांगायचं की ऐकायला त्रास होत असेल तर कन्सोलपाशी या. काही आयोजक सांगतात, काही विसरतात. विसरले तर माझा असिस्टंट दुसऱ्या घंटेला रांगांमधून एक चक्कर मारतो. कुणी शेजाऱ्याच्या तोंडाशी कान नेऊन बसलेलं दिसलं की तिथे थांबून विचारतो.