तुम्ही विचारलंत म्हणून: सोन्याचं टूरबियाँ, एवढे पैसे कशाचे?

चावीची जुनी घड्याळं जमवतो आणि फावल्या वेळात उघडूनही बसतो, हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो: "ते टूरबियाँ म्हणतात, ते वेळ जास्त बरोबर दाखवतं का हो? नाहीतर एवढे पैसे कशाचे?" विचारणाऱ्या जर मावशी-काकू असतील तर लगोलग पुढचा: "सोनं किती तोळे?"

टूरबियाँ म्हणजे घड्याळाच्या यंत्रातला एक फिरता पिंजरा; तो असलेल्या घड्याळालाही टूरबियाँच म्हणतात. तोळ्यांचं आधी उरकतो. अशा घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचं कवच, बहुधा १८ कॅरेटची, म्हणजे शंभरात ७५ भाग सोनं. आपलं दागिन्यांचं २२ कॅरेट त्या कामाला फार मऊ. आणि किमतीत सोन्याचा वाटा इतका किरकोळ की सराफाला दाखवलंत तर तो तुमच्याकडे कीव येऊन बघेल.

आता वेळेचं. मनगटावर टूरबियाँचा उपयोग जवळजवळ नाही. पॅरिसमध्ये घड्याळांचा धंदा करणाऱ्या अब्राहम-लुई ब्रेगे यांनी १८०१ साली त्याचं पेटंट घेतलं, ते खिशातल्या घड्याळासाठी. ते घड्याळ दिवसभर जाकिटाच्या खिशात उभं राहायचं. बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणारं चाक, एका बाजूला केसभर जरी जड असलं, तरी गुरुत्वाकर्षणामुळे उभं घड्याळ पुढे जायचं किंवा मागे पडायचं. ब्रेगे यांनी बॅलन्स, त्याची केसासारखी स्प्रिंग आणि एस्केपमेंट (चाकांना टिकटिक एकेक दाता पुढे सोडणारा भाग) असा सगळा जथा एका पिंजऱ्यात बसवला आणि पिंजराच फिरता ठेवला, साधारण मिनिटाला एक फेरी. चूक जात नाही; एका बाजूला जितकं पुढे तितकंच दुसऱ्या बाजूला मागे, अशी फिटंफाट होते.

मनगट मात्र दिवसभर स्वतःच हलत असतं. तिथे हा पिंजरा म्हणजे चावी देतो त्या मुख्य स्प्रिंगवर वाढीव ओझं. वेधशाळांत घड्याळांच्या अचूकतेच्या स्पर्धा होत, त्यांत गोष्ट वेगळी, कारण तिथे घड्याळ ठरलेल्या स्थितीत ठेवून तपासत. ओमेगाने १९४७ मध्ये मनगटी आकाराची टूरबियाँ यंत्रं केली ती अशाच परीक्षांसाठी, आणि तीही फक्त १२.

आणि दुर्मिळतेचं म्हणाल, तर चिनी कारखाने टूरबियाँ कधीपासूनच स्वस्तात काढतात. २०१६ मध्ये टॅग हॉयर या स्विस कंपनीने पंधरा हजार स्विस फ्रँकच्या आसपास एक आणलं, तेव्हा बड्या कंपन्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. यंत्र फिरतं म्हणून पैसे मोजायचे दिवस तेव्हाच गेले.

मग उरतं काय? हातकाम. भिंगातून पिंजऱ्याचा पोलादी पूल, म्हणजे त्याला वरून धरणारी पट्टी, बघा. त्याच्या कडा तिरप्या घासून चकचकीत केलेल्या असतात. दोन कडा आत वळून भेटतात तो कोपरा नीट न्याहाळा. यंत्राचं कटर फिरतं, त्यामुळे त्याने केलेला आतला कोपरा गोल राहतो. टोकदार हवा असेल तर माणसानेच कानस धरावी लागते. सपाट पोलादाला काळं पॉलिश देतात. कथलाच्या पत्र्यावर हिऱ्याच्या बारीक पेस्टमध्ये तो भाग इतका घासायचा की एका कोनातून आरसा दिसावा आणि जरा कलला की ठार काळा. ज्या तुकड्यावर हे चालतं तो तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो. एक ओरखडा उठला की पुन्हा पहिल्यापासून.

मला विचाराल तर या जातीतलं मानाचं घड्याळ लांगे अँड झोनंचं 'पूर ल मेरीत', १९९४ सालचं. ड्रेस्डेनजवळच्या ग्लासह्युटे गावातली ही कंपनी युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या सरकारने ताब्यात घेतली होती. बर्लिनची भिंत पडल्यावर संस्थापकाचे पणतू वाल्टर लांगे यांनी ७ डिसेंबर १९९० ला ती नव्याने नोंदवली. चारच वर्षांत जी पहिली घड्याळं लोकांपुढे ठेवली त्यांत हे होतं. एकूण २०० च्या आसपास, पन्नासेक प्लॅटिनममध्ये, बाकी जवळपास सगळी सोन्यात. सगळे त्याचा पिंजरा बघतात. मी आधी साखळी बघेन. सहाशेच्या वर सुट्या भागांची, सायकलच्या चेनच्या धर्तीची, पण जाडी मिलिमीटरचाही अंश. मुख्य स्प्रिंगच्या डब्यावरून ती भोवऱ्यासारख्या निमुळत्या चाकावर गुंडाळली जाते. पूर्ण चावी असताना स्प्रिंग जोरात ओढते तेव्हा साखळी चाकाच्या अरुंद भागावर असते. जोर ओसरत जातो तशी रुंद भागाकडे सरकते. त्यामुळे यंत्राला मिळणारी ताकद जवळजवळ सारखी राहते. घड्याळ नेमकं चालण्यात टूरबियाँपेक्षा या साखळीचं काम मोठं आहे, असं माझं ठाम मत.

तेव्हा सोन्याचं जुनं टूरबियाँ बघायला जाल तर भिंग न्या आणि आधी आतले कोपरे तपासा. सर्व्हिस कोण करणार ते विकणाऱ्याकडून कबूल करून घ्या; कोपऱ्यावरच्या घड्याळजीचं हे काम नाही, आणि कारखान्यात पाठवलं तर महिनोन्‌महिने विसरायचं. केस मात्र स्वतः बोट फिरवून बघा. सोनं मऊ, प्रत्येक पॉलिशला थोडं झिजतं. पट्टा अडकवायच्या कानांच्या कडा गोल झाल्या असतील, मागचा ७५० चा, म्हणजे १८ कॅरेटचा, शिक्का पुसट झाला असेल, तर कुणीतरी हौसेने घासून घेतलंय. तिथे भाव पाडून मागा, नाहीतर सरळ पुढचं दाखवा म्हणा.