भीमपलासात चढता रे कुठून आला? चोर सापडला

भीमपलास रागात स्वतः सूर रचणारा प्रोग्राम लिहितोय. तो मार्कोव्ह पद्धतीने चालतो, म्हणजे मागचा स्वर पाहून पुढचा निवडतो. मागच्या वेळी तो चढताना नको तिथे रे लावतो म्हणून मार्कोव्हलाच शिव्या घालून थांबलो होतो. त्या परत घेतो. खोट क्वांटाइझमध्ये होती, म्हणजे प्रत्येक स्वराची वेळ जवळच्या ठरावीक चौकोनावर सरकवण्यात.

काकांनी कीबोर्डवर वाजवून दिलेले भीमपलासाचे अकरा तुकडे शिकवूनही प्रोग्राम चढताना सर्रास रे लावत होता. आरोहात, म्हणजे चढताना, रे आणि ध वर्ज्य, हे आमच्या भजन मंडळातल्या खंजिरीवाल्या पोट्ट्यालाही ठाऊक आहे. काकांनी ऐकून एकच विचारलं, "बाप्पा, चढतानी रे कुठून आणला तुनं?"

आधी वाटलं, एकाच मागच्या स्वरावरून पुढचा निवडतोय म्हणून घोळ. दोन स्वर धरून पाहिले, तर अकरा तुकड्यांच्या जोरावर तो काकांच्याच अख्ख्या ओळी ओकायला लागला. मग तीन रात्री नुसते आकडे वाचत बसलो. (शेतीची लाइन रात्रीची, मोटर चालू करायला उठायचंच होतं.)

कीबोर्डच्या मिडी फाइलीत प्रत्येक स्वराला नंबर असतो. सा ६० वर धरलाय, म्हणजे रे ६२, कोमल ग ६३. उतरताना काका रे ला ग चा कण देतात, म्हणजे रे च्या आधी ग चा निसटता स्पर्श. एका जागी कण १९३० व्या टिकवर (टिक म्हणजे फाइलीतलं वेळेचं बारीक माप), रे १९६५ व्या. फाइल ४८० पीपीक्यूची, म्हणजे एका ठोक्याला ४८० टिक. सोळांश म्हणजे ठोक्याचा चौथा भाग, त्याचा चौकोन १२० टिकांचा. क्वांटाइझ मारलं की दोघंही १९२० वर! आणि माझा कोड एकाच टिकवरचे स्वर नंबरानुसार लावतो, लहान आधी. झालं, 'ग रे सा' चं 'रे ग सा' झालं, तेही जवळपास प्रत्येक उतरणीला. पोरगं बिचारं शिकवलं तेच म्हणत होतं.

आता मिडो या पायथन लायब्ररीने फाइल वाचली की क्वांटाइझच्या आधीच ६० टिकांहून आखूड स्वर बाजूला काढतो. उलटे रे गेले. पण चार खरे स्वरही कण समजून उडाले. ते बहुतेक कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडणाऱ्या स्वस्तातल्या यूएसबी-मिडी केबलची करणी. सीताबर्डीवरून आणलेली ती केबल कधी नोट-ऑफच, म्हणजे स्वर सुटल्याचा निरोपच, खाते, कधी स्वर अर्ध्यात तोडते. कीबोर्डला स्वतःचा यूएसबी असेल तर तोच वापरा, अशा केबलवर पैसे घालू नका.

लिहिता लिहिता सुचलं: कण फेकायचे कशाला? कोणत्या स्वराला कोणता कण, किती वेळा, याची वेगळी यादी ठेवतो. सूर तयार झाला की त्याच प्रमाणात परत डकवायचे, स्वराच्या ३५ टिक आधी. एलएमएमएस या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने दोन ओळींना लावून पाहिले. त्या जागी पेटी वाजल्यासारखी वाटली, खरंच! रात्री साडेअकराला तेवढंच पाच-सहा वेळा ऐकलं. म्हणजे अंतरा जनरेट करायचा बेत मागे, आधी कण.

काल काकांना नवा तुकडा ऐकवला. डोळे मिटून ऐकला. म्हणाले, "रे तं गेला. पण मध्यमावर थांबत कावून नाही हे?"

भीमपलासाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, मध्यम (म), आणि मी आजवर फक्त नोट नंबर मोजत आलोय, लांबी कुठेच धरली नाही. सगळ्या अकरा फाइली परत उघडाव्या लागणार. सोयाबीन घरात आलं की बसतो.