भोकं बाहेरच्या बाजूला का?

घरी येणारा प्रत्येक जण आधी बाळाकडे बघतो, मग तिच्या कॉटकडे, आणि मग विचारतो, ‘अरे, ही भोकं बाहेरच्या बाजूला कशी?’ आजवर मी ‘डिझाइनच तसं आहे’ असं ठोकून देत आलो. परवा मामेसासऱ्यांनी चष्मा सावरत वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘उलटी बसवलीयस.’

तर तुम्ही विचारलंत म्हणून. हो, डावी बाजू उलटी आहे.

माहितीपत्रकात एकही शब्द नव्हता, नुसती चित्रं. फळीची आतली बाजू कुठली, हे एका फिकट राखाडी छटेवरून ओळखायचं. ट्यूबलाइटच्या उजेडात ओळखून दाखवा.

पण खोकं चार महिने पलंगाखाली पडून होतं, त्याला माहितीपत्रक जबाबदार नाही. ‘मूल व्हायच्या आधी पाळणा जोडू नये,’ असं आई म्हणाली आणि एरवी तिचं एकही शास्त्र न पाळणारा मी या एका शास्त्राला घट्ट चिकटलो. मला मूल नको होतं. म्हणजे नको असं नाही, पुढच्या वर्षी हवं होतं. दर वर्षी, पुढच्या वर्षी.

तीन आठवडे आधीच बायकोला ॲडमिट करावं लागलं. रात्री अकराला सासूबाईंनी मला घरी पिटाळलं. झोप येईना, म्हणून खोकं ओढलं. लाकडी खुंट्यांना फेविकॉल लावा, असं कुठल्याही चित्रात नव्हतं. मी लावला, भरपूर. या वस्तूला पुन्हा हात लावायला लागू नये, एवढाच हेतू. दोनच्या सुमारास चौथी बाजू धरली तेव्हा घोळ लक्षात आला. डावी बाजू उपसायला गेलो, कर्रकन आवाज आला. खुंटी जागची हलली नाही. फळीचा कोपराच फुटला आणि ओंजळभर भुसा फरशीवर सांडला.

मला हायसं वाटलं. मोडली ना, आता पुढची तारीख मिळाली, असं काहीतरी. लाज नंतर वाटली. ‘लगेच वाटली’ असं मी बायकोला सांगितलंय.

मग मी टेप काढली आणि गजांमधली फट न फट मोजली. अमेरिकेच्या नियमात ही फट साधारण ६ सेंमीपेक्षा जास्त चालत नाही. बाळाचं अंग सरकून डोकं अडकू शकतं. हे मी कधी आणि का वाचून ठेवलं होतं, ते विचारू नका. सगळ्या फटी साडेपाचच्या आत होत्या. तरी पुन्हा मोजल्या.

सकाळी सुतार आला. ‘साहेब, भुशात आटे धरत नाहीत. आता काढूच नका,’ म्हणाला आणि आतून एल पट्टी मारून गेला. दुपारी मुलगी झाली.

टेप घेऊन बसलेला तो माणूस तेव्हाच बाप झाला होता, असं बायकोचं म्हणणं. मी म्हणतो, तो फक्त घाबरला होता. यावर आमचं अजून एकमत नाही.

मामेसासरे म्हणाले, ‘निदान भोकं तरी बुजव.’ प्लॅस्टिकच्या टोप्या आणून ठेवल्यात. पण एखादी निघून तिच्या तोंडात गेली तर? हे कारण मला पुरतं. दहा महिन्यांची झालीय. कॉटला बाहेरून धरून उभी राहते आणि एकेका भोकात बोट घालून बघते.