मशीन नाही म्हणतंय, साहेब

संगणकाला चित्रं ओळखायला शिकवणं हा माझा कॉलेजातला विषय. त्यामुळे कुठल्याही लग्नात पंगतीला बसलो की शेजारचा हटकून विचारतो, "काय हो सर, उद्या युद्धात कुणाला मारायचं ते तुमचं एआयच ठरवणार का?" आणि मी घास गिळेपर्यंत स्वतःच सांगून टाकतो, "पण शेवटचं बटण माणूसच दाबणार ना, मग कसली भीती!" मठ्ठा येईपर्यंत मी नुसती मान हलवतो. आज मात्र नीट सांगतो: मला त्या बटणवाल्या माणसाचीच काळजी वाटते.

मार्च २००३, इराकचं युद्ध. ब्रिटिशांचं एक टॉर्नेडो विमान कामगिरी आटोपून कुवेतच्या तळाकडे परतत होतं. येणारी विमानं-क्षेपणास्त्रं हवेतच पाडणाऱ्या अमेरिकेच्या पेट्रियट यंत्रणेला ते रडारवर चाल करून येणारं शत्रूचं क्षेपणास्त्र वाटलं. 'मी आपल्यातलाच' हा विमानाचा इशारा पोचलाच नाही. पेट्रियटवर माणसं होती, निर्णयही त्यांचाच होता. विचाराला वेळ मात्र साधारण एक मिनिट. त्यांनी यंत्राचं ऐकलं. विमानातले दोघेही गेले. दहा दिवसांनी पेट्रियटनेच अमेरिकेचं स्वतःचं एक हॉर्नेट लढाऊ विमान पाडलं. बटणापाशी माणूस तेव्हाही होताच की.

आमच्या कॉलेजच्या फाटकावर नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा बसवला, तेव्हा मला हे नीट कळलं. एकदा त्याने 8 चा बी वाचला आणि प्राचार्यांचीच गाडी अडली. वॉचमन त्यांना पंधरा वर्षं ओळखतो. काचेतून नमस्कारही केला, पण दांडा काही उचलला नाही. "मशीन नाही म्हणतंय, साहेब." आम्ही हसलो खरे, पण त्याचं काय चुकलं? उघडलं आणि काही झालं तर गळ्यात पडणार त्याच्या, मशीनच्या नाही.

म्हणून मला पेट्रोव्ह आठवतो. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत उपग्रहयंत्रणा सांगत होती, अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं निघाली आहेत. ड्यूटीवरच्या स्तानिस्लाव पेट्रोव्हने हिशेब केला: युद्धच सुरू करायचं तर कोणी पाचच कशाला सोडेल? त्याने खोटा इशारा म्हणून वर कळवलं. पुढे निघालं, ढगांवर चमकलेलं ऊन यंत्राला क्षेपणास्त्र वाटलं होतं.

आणि माणूस नेहमी शहाणाच असतो असंही नाही, बरं का. जुलै १९८८ मध्ये इराणच्या आखातात अमेरिकेच्या व्हिन्सेन्स युद्धनौकेने प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. तिथे यंत्र बरोबर सांगत होतं की विमान वर चढतंय. ताणात सापडलेल्या माणसांना ते आपल्यावर झेपावताना दिसलं.

आपल्याकडेही हे आलंच आहे. जुलै २०२२ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी एआयची ७५ संरक्षण उत्पादनं एकदम सादर केली. माझी पोरं अशा कामांत नोकरीला लागतात आणि पेढे घेऊन येतात, मी ते आनंदाने खातो. सीमेवरच्या कॅमेऱ्याने रात्रभर डोळ्यांत तेल घालून बघावं, इंजिन बिघडायच्या आधी सांगावं, याला माझी हरकत कशाला? पोरांना एवढंच सांगतो, मॉडेल किती टक्के बरोबर ते मला नका सांगू. स्क्रीनपुढच्या जवानाला किती सेकंद मिळतात ते विचारून या. आणि तो 'नाही' म्हणाला तर दुसऱ्या दिवशी त्याचं काय होतं, तेही.

पेट्रोव्हला तेव्हा शाबासकीऐवजी बोलणी बसली. त्या गडबडीत नोंदवही का भरली नाही, म्हणून.

आमच्या वॉचमनलाही आता दांडा उचलायचं वेगळं बटण दिलंय. ते दाबलं की वहीत कारण लिहून सही करायची. वही अजून कोरीच आहे.